गुडगुडीचा सांधा
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, मोडकी वस्तू सांधणे हे कारागिराचे काम, आणि गेलेल्या काळाची हकीकत सांगणे हे इतिहास शिकविणाऱ्याचे काम, अशी वाटणी मी आयुष्यभर मनाशी करून ठेवली होती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यवतमाळ जिल्ह्यातील लहानमोठ्या गावांच्या शाळांतून मी मुलांना इतिहास शिकविला, सनावळ्या घोकून घेतल्या, लढायांचे नकाशे फळ्यावर काढले, आणि यथाकाल सेवानिवृत्त झालो. परंतु मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून घरातील एक जुनी गुडगुडी पडली, तिचा गळा निखळला, आणि ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत वरील वाटणी किती पोकळ आहे हे मला चांगलेच कळून चुकले. ज्या वस्तूचा इतिहास आपणास ठाऊक नाही ती वस्तू आपण दुरुस्त करू शकत नाही. फार तर तिची मोडतोड अधिक नीटनेटकी करू शकतो. आजच्या भाषणात हीच गोष्ट मला आपणापुढे मांडावयाची आहे.

प्रथम त्या गुडगुडीविषयी. आमचे गाव उमरखेड तालुक्यात, पैनगंगेपासून कोस-दीड कोसावर. आमच्या घराण्यात एके काळी पटवारकी होती. ती गेली, जमीन वाटण्यांत गेली, वाडाही अर्धा पडला. उरले ते एक फडताळ आणि त्यातील काही भांडी. त्यांत ही गुडगुडी होती. गुडगुडी म्हणजे वस्तुतः तिचा खालचा भाग, ज्यात पाणी भरावयाचे तो. वीतभर उंच, घंटेसारखा खाली पसरलेला, वर निमुळता होत गेलेला. रंग मध्यरात्रीच्या आभाळासारखा काळा आणि त्यावर चांदीच्या तारेने व पत्र्याने काढलेली अफूच्या फुलांची झाडे. त्यावर बसणारा लाकडी नेचा, त्यावरची मातीची चिलीम, लांबलचक सटक आणि तोंडात धरावयाची मुखनळी, हे सारे केव्हाच नाहीसे झालेले. त्या सुंदर काळ्या अंगाला एकच गालबोट होते. गळ्याभोवती कोणीतरी पितळेची एक जाडीभरडी पट्टी कडे वळवावे तशी वळवून बसविली होती. हातोडीचे घाव तिच्यावर स्पष्ट दिसत. माझी मुलगी पुण्यास असते. तिला ही गुडगुडी आपल्या दिवाणखान्यात ठेवावयाची होती. मात्र, "बाबा, ते पितळेचं कडं तेवढं काढून टाका हो, फार ओंगळ दिसतं," असे ती दर खेपेस म्हणे. मलाही ते पटत असे.

गुडगुडी पडली तेव्हा नेमके ते कडेच सुटले आणि गळा धडापासून वेगळा झाला. मनात म्हटले, बरेच झाले; आता नवा, न दिसणारा सांधा करून घेऊ. गुडगुडी पिशवीत घातली, मोटारीने शहर गाठले आणि भांडी व यंत्रांचे भाग झाळून देणाऱ्या एका दुकानात गेलो. कारागिराने विचारले, "गुरुजी, धातू कोणता?" मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "पितळच असेल. वर काळा रंग दिलाय." श्रोतेहो, पुढे जे झाले त्याचा दोष त्या बिचाऱ्याकडे नाही. त्याने प्रश्न योग्य विचारला होता. उत्तर मी चुकीचे दिले. पितळेला मानवेल अशी गॅसची ज्योत त्याने लावली मात्र, तो निमिषार्धात खांद्याजवळचा दोन बोटे भाग मेणासारखा ओघळला, हिरवट ज्योत उठली आणि पांढरा धूर दुकानभर झाला. सत्तर वर्षांनंतर आमच्या गुडगुडीतून धूर निघाला, तो असा! कारागिराने ज्योत झटकन बाजूस घेतली. पाहतो तो काळा धातू वितळून गेलेला, आणि चांदीची एक तार आधार सुटलेल्या वेलीसारखी हवेत उभी.

मी घरी आलो. दोन दिवस कोणाशी फारसा बोललो नाही. नंतर जे काम आधी करावयास हवे होते ते करावयास बसलो, म्हणजे आपल्या घरात ही जी वस्तू चार पिढ्या नांदली, ती आहे तरी काय, हे शोधावयास लागलो.

तिचा प्रवास तंबाखूपासून सुरू होतो. तंबाखू आपल्याकडची नव्हे. १४९२ साली कोलंबसाची माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यास लागली तेव्हा तेथील लोक पाने जाळून धूर ओढताना त्यांनी पाहिले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती दक्षिणेत पसरली. 'तंबाखू' हा शब्दच त्यांच्या भाषेतून आपल्याकडे आला. म्हणजे उत्तरेच्या बादशहांच्या आधी दख्खनच्या सुलतानांना तिची गोडी लागली होती. याचा मोठा मौजेचा पुरावा असदबेग नावाच्या मोगल अधिकाऱ्याने लिहून ठेवला आहे. अकबराने त्यास विजापूरच्या दरबारी पाठविले होते. तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास परतताना बादशहास नजर करण्याकरिता तंबाखूसह धूम्रपानाचे एक सुरेख साहित्य बरोबर नेले. नळी तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने व मिनाकाम, आणि मुखनळी येमेन देशच्या अकीकाची! अकबराने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. हकिमाने ही अनोळखी वस्तू घेऊ नये असा सल्ला दिला. त्यावर असदबेगाने प्रतिवाद केला की, जगातील प्रत्येक रूढ वस्तू कधी ना कधी नवीनच होती. युक्तिवाद चतुर होता यात शंका नाही. परंतु पुढील चार शतकांचा अनुभव पाहता खरे शहाणपण त्या हकिमाच्या पदरी होते, असेच म्हणावे लागते. अकबराच्या पुत्राने, जहांगिराने, १६१७ साली तंबाखूस बंदी घातली. तिचा उपयोग काय झाला हे आपण जाणतोच.

धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती अबुल फतह गिलानी या अकबराच्या हकिमाने काढली, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. मी मुलांना तसेच शिकविलेही आहे. परंतु हा हकीम १५८९ साली मरण पावला, आणि असदबेगाची तंबाखू दरबारी पोहोचली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. सनावळी पुढे ठेवली की दंतकथेचा गळाही असा निखळतो. युक्ती कोणाची का असेना, पहिले भांडे बहुधा नारळाच्या करवंटीचे असावे. पश्चिम आशियात हुक्क्याला 'नारगिल' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ आपल्या 'नारिकेला'त आहे. 'हुक्का' हा शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ डबी किंवा लहान भांडे. आणि 'गुडगुडी' हे नाव पाण्याने स्वतःच आपल्या तोंडाने सांगितलेले.

करवंटीच्या जागी धातू आला तो श्रीमंतांच्या घरी. येथे आपणास बिदरास जावयास हवे, कारण आमची गुडगुडी त्या गावच्या कारागिरीची. बिदर हे बहमनी राज्याचे राजधानीचे शहर. आज ते कर्नाटकात आहे, परंतु १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. तेथील कारागिरीस 'बिदरी' म्हणतात. ती बहमनी सुलतानांच्या वेळी सुरू झाली असे परंपरा सांगते. आज जपून ठेवलेल्या वस्तू मात्र बहुतेक सतराव्या शतकापासून पुढच्या आहेत. विशेष असा की त्या जुन्या वस्तूंत हुक्क्याची भांडी फार मोठ्या संख्येने आढळतात. तंबाखू आली नसती तर बिदरीचा असा बहर झाला असता की नाही, कोण जाणे. या भांड्यांच्या आकारावरून त्यांचा काळही साधारण ओळखता येतो. जुनी भांडी चेंडूसारखी गोल. ती नुसती जमिनीवर उभी राहत नसत, पाणक्याच्या घागरीप्रमाणे त्यांनाही खाली एक चुंबळ लागे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सपाट बुडाची, घंटेच्या आकाराची भांडी प्रचारात आली. आमची गुडगुडी घंटेच्या आकाराची. तेव्हा ती त्यानंतरची, एवढे निश्चित झाले.

आता धातूविषयी, कारण माझी चूक तेथेच झाली. बिदरीचा धातू पितळ नव्हे. तो मुख्यतः जस्त असतो, आणि त्यात तांब्याचा थोडा अंश मिसळलेला असतो. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे, असे प्रमाण सामान्यतः सांगतात. हा रस साच्यात ओतून भांडे करतात, चरकावर गुळगुळीत करतात, मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळे करतात आणि त्या काळ्या पाटीवर टोकदार सळईने नक्षी रेखतात. नंतर छिन्नीने त्या रेषा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. या वेळी सारे भांडे राखाडी दिसते. चांदी कोठे आणि जस्त कोठे, हे नवख्याला ओळखूही येत नाही. शेवटी खरा चमत्कार घडतो. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील, ऊनपाऊस न लागलेली माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यात कालवितात आणि भांडे किंचित तापवून त्यावर तो लेप चोळतात. जस्ताचे अंग बघता बघता गर्द काळे होते आणि चांदीस मात्र काही होत नाही. हा काळेपणा रंगाचा नव्हे. तो त्या धातूच्याच अंगावर चढलेला थर आहे, आणि रसायनशास्त्रज्ञांनी तपासून असे दाखविले आहे की, तो त्या थोड्याशा तांब्यामुळे चढतो. निव्वळ जस्त असे काळे होत नाही.

श्रोतेहो, आता आकडे पाहा. जस्त सुमारे ४१९ अंश सेंटिग्रेडला वितळते. पितळेला ९०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि चांदीला ९६१ अंश. पितळ झाळण्याच्या ज्योतीपुढे बिदरी धरणे म्हणजे दिव्यापुढे मेणाची बाहुली धरणेच होय. जस्त फार तापले की पेटते. त्याची ज्योत हिरवट आणि धूर पांढरा. दुकानात जे जे मी डोळ्यांनी पाहिले ते ते असे पुस्तकात आधीच लिहून ठेवलेले होते. दुसरा गुण असा की हा ओतीव धातू ठिसूळ असतो. तांब्याचे भांडे पडले तर पोचते, बिदरीचे पडले तर तडकते किंवा तुटते. म्हणजे तिला पडणेही सोसत नाही आणि सांधण्याचा विस्तवही सोसत नाही. मग शंभर-दोनशे वर्षे लोकांनी ती सांधली तरी कशी? हा प्रश्न मनात येताच मला ते पितळेचे कडे आठवले. ते मी फेकून दिले नव्हते, हे माझे नशीब.

परंतु त्या कड्याची हकीकत सांगण्यापूर्वी बिदरची ही वस्तू पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाडात कशी आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामाने लढाई जिंकली आणि वऱ्हाड त्याच्या अमलाखाली गेले. पुढे नागपूरकर भोसल्यांचा येथे वसुलीचा हक्क चालू लागला आणि एकाच मुलखात दोन धनी झाले. १८०३ साली देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ च्या करारान्वये ते त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाले आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडण्यात आले. आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्वी वणी जिल्हा असे होते, ते १९०५ साली बदलून यवतमाळ झाले. उमरखेड ज्यात मोडत असे तो पुसद तालुकाही त्याच वेळी वाशीमकडून इकडे आला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पण निजामाच्या दरबाराने घालून दिलेली रीतभात देशमुखांच्या, देशपांड्यांच्या आणि पटवाऱ्यांच्या ओसरीवर दीर्घकाळ टिकली. पाहुणा आला की पानाचे तबक पुढे करावयाचे आणि गुडगुडी मांडावयाची. गुडाखू, म्हणजे गुळात मळलेली तंबाखू, चिलमीत भरून वर निखारे ठेवावयाचे. मोठ्या सरदारांकडे तर याच कामासाठी हुक्काबरदार म्हणून स्वतंत्र नोकर असे, आणि अठराव्या शतकात कंपनीच्या गोऱ्या साहेबांनीही ते बाळगले. गरिबाची चिलीम मात्र कुंभाराने भाजलेली. आत खडा टाकलेला, बुडाला ओली छापी गुंडाळलेली, आणि शेकोटीभोवती ती हातोहात फिरे.

ही शोभा मोडली ती कोणाच्या बंदीने नव्हे, तर विडीने. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-भंडाऱ्याकडे विड्यांचा धंदा वाढला, आणि आमच्या जंगलांतील टेंभुर्णीच्या पानांना, ज्यांना तेंदूपत्ता म्हणतात त्यांना, मोल आले. विडीला पाणी नको, निखारा नको, नोकर नको, बैठक नको. ती कानावर खोवून माणूस शेतावर जातो. गुडगुडी फडताळात गेली. काही ठिकाणी तिचे फुलपात्र झाले, काही ठिकाणी तिच्यावर विजेचा दिवा बसला, पुष्कळ ठिकाणी ती मोडीत गेली. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर मी धूम्रपानाचे पोवाडे गातो आहे असा कोणाचा ग्रह होईल. धूर पाण्यातून आला म्हणून निर्विष होत नाही. तंबाखूचे विष आणि निखाऱ्याचा विषारी वायू दोन्ही छातीत उतरतातच. २०१८ साली महाराष्ट्रात हुक्क्याची दुकाने कायद्याने बंद झाली, ते योग्यच झाले. माझ्या आजोबांची मला जी पहिली आठवण आहे ती त्यांच्या चेहऱ्याची नव्हे, खोकल्याची आहे. तेव्हा गुडगुडी जपावयाची ती कारागिरीसाठी आणि आठवणीसाठी. सवयीसाठी मुळीच नव्हे.

आता ते कडे. त्याची हकीकत आजी सांगत असे. मी मुलगा होतो तेव्हा ती मला कहाणीसारखी वाटे, आणि पुढे इतिहासाचा शिक्षक झालो तेव्हा तर कागद नाही म्हणून मी ती मोजलीच नाही. १९४७-४८ चा काळ. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य, तेथे रझाकारांचा धुमाकूळ चाललेला. नदी उतरून कितीतरी कुटुंबे वऱ्हाडात आश्रयास आली. आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत एक तांबट आपली बायको व दोन मुले घेऊन चार महिने राहिला होता. त्याच्याजवळ हत्यारांच्या पोतडीवाचून काही नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, पाच दिवसांत निजामाने शरणागती दिली आणि हे कुटुंब परत जावयास निघाले. (त्यानंतरच्या दिवसांत नदीपलीकडे पारडे फिरले आणि भयाने पळण्याची पाळी दुसऱ्या निरपराध माणसांवर आली, हेही आजी सांगावयास विसरत नसे.) निघताना त्या तांबटाने आजोबांना विचारले, "मालक, चार महिने तुमचं अन्न खाल्लं. पैसा तर नाही. घरात काही मोडकं-तोडकं असेल तर द्या." आजोबांनी गळा तुटलेली गुडगुडी त्याच्यापुढे ठेवली. ती कोणी, केव्हा पाडली होती कोण जाणे. त्याने आपल्याजवळच्या एका फुटक्या पितळी तांब्याचा काठ कापला, त्याची पट्टी ठोकून वाकविली, फटीत लाख भरली आणि कडे दाबून बसविले. अंधार पडण्यापूर्वी नदी उतरावयाची होती, म्हणून घासूनपुसून साफ करावयास त्याला वेळ मिळाला नाही.

ही हकीकत पुन्हा आठवली आणि माझे मलाच वाईट वाटले. ज्याला मी ओबडधोबड म्हणत होतो त्या कामात किती ज्ञान होते! निजामाच्या मुलखातला तो तांबट. बिदरीचा धातू विस्तव सोसत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने झाळण्याच्या भानगडीत न पडता लाख वापरली. लाख पाण्याच्या उकळीपेक्षाही कमी उष्णतेने मऊ होते आणि निवताच घट्ट धरते. आणि पुन्हा कधी सांधा उघडावा लागला तर थोडी ऊब देताच मूळ वस्तूला धक्का न लागता सुटून येते. गुडगुडीचा निखारा तर दूर, वर चिलमीत असतो; गळा थंडच राहतो, म्हणून लाख पुरते. सत्तर वर्षांत ती वाळून ठिसूळ झाली, म्हणूनच तो सांधा सुटला. बिचाऱ्याने सांधा असा केला होता की पुढच्या माणसाला तो उघडता यावा. आणि पुढचा माणूस, म्हणजे मी, गॅसची ज्योत घेऊन पुढे सरसावलो.

शेवटी मी नांदेडमार्गे बिदरास गेलो. तेथे अजूनही हे काम चालते. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एका वृद्ध कारागिरापुढे मी तुकडे मांडले. त्यांनी वितळलेल्या भागावरून अंगठा फिरविला आणि पहिला प्रश्न विचारला तो दुकानदाराविषयी नव्हे, "हे कडं कोणी बसवलं?" मी हकीकत सांगितली. ते म्हणाले की, दोन मार्ग आहेत. खांद्याचा भाग नव्याने ओतून, चांदी भरून, काळा करून देता येईल; कोणाला शंकाही येणार नाही. परंतु त्यासाठी जुना भाग बराच कापावा लागेल, आणि मग ते कडे बसावयास जागा उरणार नाही. दुसरा मार्ग असा की, जे गेले ते गेले समजून खळगा काजळी मिसळलेल्या लाखेने भरावा, सुटलेली तार तीत निजवावी आणि तेच कडे पुन्हा बसवावे. घाव दिसेल, पण भांडे उभे राहील. "कोणता करू?" असे विचारून ते स्वस्थ बसले.

श्रोतेहो, पुण्यातील मुलीचा दिवाणखाना माझ्या डोळ्यांपुढे आला, हे नाकारीत नाही. पण मी दुसरा मार्ग स्वीकारला. तीन तासांत काम झाले. कारागिरांनी कड्याच्या आतील बाजूची जुनी लाख खरवडली नाही. तिच्यावरच नवी लावली. हातोडीचे ठोके होते तेथेच राहिले.

यातून जे शिकलो ते शहरातील सुविद्य कुटुंबांना सांगावेसे वाटते, कारण आजीआजोबांच्या वस्तू आता खेड्यांतून शहरांकडे चालल्या आहेत. वस्तू मोडली तर प्रथम ती कशाची आहे हे जाणत्याकडून समजून घ्यावे. मजसारखे घाईने उत्तर देऊ नये. तुकडे, चुरा, सुटलेली पट्टी काहीही टाकू नये. सांधा असा करावा की तो पुन्हा सोडविता यावा. जुनी दुरुस्ती ओबडधोबड दिसली तरी, ती कोणी व का केली हे कळल्यावाचून काढू नये. घरात बिदरीची वस्तू असल्यास ती चिंच, लिंबू किंवा राख लावून कधीही घासू नये. आंबट पदार्थाने तिचा काळा थर निघून जातो आणि राखेने तो झिजतो. मऊ फडक्याने थोडे खोबरेल पुसावे, एवढे पुरे. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस असेल तर वस्तू पुसण्यापूर्वी तिची हकीकत त्याला विचारून लिहून ठेवावी. हे मी सर्वांत शेवटी सांगितले, परंतु करावयाचे ते सर्वांत आधी.

पुण्यास दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा घरगुती वस्तू दारोदार हिंडून जमविल्या आणि तो सारा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हैदराबादेच्या सालारजंग संग्रहालयात बिदरीचे नमुने आहेत, ते आमच्या गुडगुडीपेक्षा कितीतरी सुंदर. ते अवश्य पाहावेत. परंतु आमच्या गुडगुडीसारखी गुडगुडी तेथे नाही. कारण तिच्यावर बिदरच्या कारागिराची चांदी आहे, नदीपलीकडच्या निर्वासित तांबटाचे पितळ आहे, आणि एका निवृत्त शिक्षकाच्या अज्ञानाचा दोन बोटे रुंद डागही आहे.

गेल्या महिन्यात मुलगी येऊन गुडगुडी घेऊन गेली. निघताना तिने त्या कड्यावरून एकदा बोट फिरविले. हकीकत तिला मी आधीच लिहून दिली होती. ती घडी करून तिने गुडगुडीच्या पोटात ठेवली. जेथे पूर्वी पाणी असे, तेथे आता तो कागद आहे.